खर्चात बचत, नफ्यात वाढ: नवोदित कंत्राटदारासाठी दहा धडे

प्रस्तावना

या पुस्तिकेचा उद्देश एकच आहे: बांधकामाच्या धंद्यात आज उतरलेल्या माणसाला वर्षभरात अनुभवी करणं. अनुभवी म्हणजे ज्याच्याकडे पैसे सोडून बाकी सगळं आहे, असा माणूस.

शिक्षणाची अट नाही. सिव्हिलचा डिप्लोमा असल्यास हरकत नाही, तो लवकर विसरता येतो. लागणारं साहित्य पुढीलप्रमाणे: एक पाच मीटरची टेप (कमरेला अडकवण्यासाठी), एक पांढरी गाडी, तिच्या मागच्या काचेजवळ ठेवलेलं पिवळं हेल्मेट, ‘बिल्डर्स अँड डेव्हलपर्स’ असं छापलेलं लेटरहेड आणि पहिलं गिऱ्हाईक. पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा लांबचे मामा असतात. वही लागत नाही.

अभ्यासासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. पुण्याच्या वेशीबाहेर मामांचा प्लॉट आहे. तळमजला आणि वर एक मजला, प्रत्येकी हजार चौरस फूट. मालासकट दर दोन हजार रुपये फूट, म्हणजे काम चाळीस लाखांचं. त्यात दहा टक्के, म्हणजे ४,००,००० रुपये नफा सुटेल असं तुम्ही घरी सांगितलेलं आहे. प्रत्येक धड्याच्या शेवटी फी दिली आहे. ती या चार लाखांतून आपोआप वळती होते, वेगळी भरावी लागत नाही. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. तुमच्या साईटवर ते याहून मोठे असू शकतात, निराश होऊ नये.

धडा पहिला: दर कसा द्यावा

दर काढण्याची शास्त्रीय पद्धत अशी. शेजारच्या प्लॉटवरच्या कंत्राटदारानं किती दर दिला ते चहाच्या टपरीवर विचारावं आणि त्यातून पन्नास रुपये वजा करावेत. त्याचा दर त्याला परवडतो का, हा प्रश्न त्याचा आहे.

काही हिशेबी मंडळी आधी सिमेंट, सळई, वाळू, मजुरी यांची यादी करतात, मग दर काढतात. एवढ्या वेळात तुमचं काम हातचं जाईल. ही मंडळी आणखी एक किरकिर करतात. शंभर रुपये खर्चावर पंधरा रुपये चढवले, तर विक्रीवरचा नफा पंधरा टक्के नसून तेराच्या आसपास असतो, असं ती सांगतात. दोन टक्क्यांसाठी एवढी आकडेमोड करणं मोठ्या माणसाला शोभत नाही.

सरकारी काम घेणार असाल तर ‘बिलो’ भरायला शिका. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरविश्लेषणात कंत्राटदाराचा नफा आणि वरकड खर्च मिळून पंधरा टक्के धरलेले असतात. म्हणजे शंभराचा खर्च एकशेपंधराला जातो. तुम्ही अंदाजपत्रकापेक्षा पंधरा टक्के कमी भरलेत, तर हातात येतात ९७ रुपये ७५ पैसे. काम मिळालं याचे पेढे वाटा. सव्वादोन रुपये कुठून आणायचे ते नंतर बघू.

दरात काय काय येतं ते लिहून देऊ नये. मामांना वाईट वाटतं. ‘घर बांधून देतो’ एवढं पुरे. पुढे जमिनीखालची पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत निघते, तेव्हा मामा म्हणतात, “घर म्हटलं की त्यात आलंच ना ते?” त्यांचं चुकत नाही. तुम्ही फुटावर दर दिलात आणि टाकीला फूट कुठले मोजायचे हे ठरवलं नाहीत.

‘सर्व करांसह’ हा शब्दप्रयोगही दिलदार वाटतो. मालासकट घेतलेल्या ठेक्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो आत धरला तर शंभरातले सव्वापंधरा रुपये कराचेच असतात. आपल्या मामांनी कर वेगळा द्यायचं कबूल केलं आहे, नाहीतर पुस्तिका याच पानावर संपली असती.

फी: १,१०,००० रुपये (टाकी आणि कंपाउंड).

धडा दुसरा: मुहूर्त

भूमिपूजन अक्षय्य तृतीयेला करावं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, पंचांग उघडायची गरज नाही. त्यानंतर नकाशा मंजूर झालाय का, याची चौकशी सुरू करावी. मंजुरी येईपर्यंत मजूर लग्नसराईला गावी जातात. ते परत येऊन पायाखुदाई पूर्ण करतात तेव्हा जूनचा पहिला आठवडा संपत आलेला असतो आणि पाऊस कोकणातून घाट चढून वर येतो.

आता तुमच्याकडे सात फूट खोल, गढूळ पाण्यानं भरलेले बारा खड्डे आहेत. डिझेलचा पंप भाड्यानं आणा. कडा ढासळतील, गाळ आत येईल, तो काढायला पुन्हा मजूर लावा. खड्डा जेवढा ढासळला तेवढा मोठा झाला आणि जेवढा मोठा झाला तेवढा पुन्हा भरायचाही आहे. हे सगळं काम दरात नाही. अगोदर पाया आणि जोतं उरकून मग पाऊस अंगावर घेणारे लोक असतात. त्यांना पावसाळ्यात काय करावं हा प्रश्न पडत नाही, ते भिंती बांधत असतात.

या काळात साईट बंद असली तरी सुपरवायझरचा पगार, वॉचमनचा पगार, मिक्सरचं भाडं आणि तुमच्या गाडीचा हप्ता चालू राहतो. बांधकामात माल संपला की खर्च थांबतो, दिवस संपला की थांबत नाही.

फी: ६०,००० रुपये.

धडा तिसरा: खरेदी

हा धडा नवशिक्यांना सर्वांत आवडतो, कारण यात घासाघीस आहे.

सिमेंट. दुकानात अर्धा तास बसावं, चहा घ्यावा, “आपण कायमचे आहोत” असं म्हणावं आणि गोणीमागे पाच रुपये सोडवून घ्यावेत. मामांच्या घराला साधारण आठशे गोण्या लागतील. म्हणजे ४,००० रुपये वाचले. हा आकडा लक्षात ठेवा, पुस्तिकेत दुसरी बचत नाही.

पाच रुपये सुटतात म्हणून दोनशे गोण्या एकदम उतरवून घ्याव्यात आणि जमिनीवरच, भिंतीला चिकटवून, डोक्याच्या वर थप्पी लावावी. जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवा, दहापेक्षा जास्त थर लावू नका, असं सांगणारे भेटतील. नीट ठेवलेलं सिमेंटसुद्धा तीन महिन्यांत सुमारे पाचवा हिस्सा ताकद गमावतं, असं पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असतं. तुमचं तर पावसाळी हवेत ठेवलेलं आहे. खालच्या वीस गोण्यांचे दगड होतील. ते पायऱ्या म्हणून वापरता येतात. ‘भाव वाढणार’ म्हणून साठा करणाऱ्यांसाठी एक तारीख: २२ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

वाळू. वाळू ब्रासवर मिळते आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे सगळ्यांना माहीत असतं. टिपर मात्र कोणी मोजत नाही. बारा फूट लांब, सात फूट रुंद, अडीच फूट उंच फळका असेल तर दोनशेदहा घनफूट, म्हणजे २.१ ब्रास. माल तीन इंच खाली असला तर एकवीस घनफूट गेले, बरोबर दहावा हिस्सा. टिपरवर चढून टेप लावायला दोन मिनिटं लागतात, पण चालक काय म्हणेल? शिवाय ओली वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर पाव हिश्श्यापर्यंत, बारीक असेल तर आणखी जास्त. म्हणजे तुम्ही वाळूच्या भावानं पाणी आणि हवाही घेता. २०२३ साली राज्य सरकारनं सहाशे रुपये ब्रासनं वाळू देण्याचं धोरण आणलं. सरकार दर ठरवू शकतं, तुमचा टिपर मोजायला येऊ शकत नाही.

सळई. सळई किलोवर विकत घ्यायची असते आणि मीटरवर वापरायची असते. या फटीतून बरंच काही जातं. व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे मीटरचं वजन. बारा मिलिमीटरची बारा मीटर सळई १०.६७ किलो भरायला हवी, टनाला चौऱ्याण्णवच्या आसपास सळया. भारतीय मानक या जाडीला पाच टक्के इकडेतिकडे चालवून घेतं. पाच टक्के जड माल आला तर टनात एकोणनव्वदच सळया मिळतात. मामांच्या इंजिनिअरनं मोजलेली सळई तेवढीच लागते, बिल मात्र तुम्ही काट्यावरचं भरता. उलट हलका माल आला तर कंत्राटदार खूश होतो, कारण नग जास्त मिळाले. नग जास्त आहेत कारण लोखंड कमी आहे, हे बीमला कळतं, पण बीम बोलत नाही.

सळई कापताना यादी करू नका. फिटरला ‘चार मीटर वीस’चे तुकडे सांगितले की तो बारा मीटरमधून दोन काढतो आणि ३.६० मीटर बाजूला टाकतो. तीस टक्के. त्या तुकड्याच्या रिंगा, चेअर, लिंटेल असं बरंच होऊ शकतं, पण त्यासाठी कापण्याआधी कागदावर बसावं लागतं. तुमच्याऐवजी भंगारवाला बसलेला आहे, तो दर रविवारी येतो.

शेवटी विनाबिल माल. दुकानदार म्हणतो, “बिल नको असेल तर कर वाचेल.” नोंदणी असलेल्या कंत्राटदाराला खरेदीवर भरलेला कर वजा मिळतो. बिल नाही तर वजावट नाही. थोडक्यात, दुकानदाराचा कर वाचवल्याबद्दल तुमचे आभार.

फी: ४४,००० रुपये (वाळू पंधरा, सळई बावीस, दगड झालेलं सिमेंट सात हजार).

धडा चौथा: मापं

मापं घेणारा कंत्राटदार लोकांना चिंधी वाटतो. म्हणून हा धडा डोळे मिटून करावा.

स्लॅब पाच इंची ठरलेला आहे. सेंट्रिंगची पातळी कुठे अर्धा इंच खाली, कुठे वर. काँक्रीट ओतणारे वरून सपाट करतात, खालचा खोलगट भाग काँक्रीट भरून काढतं. हजार फुटांवर सरासरी अर्धा इंच जादा गेला, तर ४२ घनफूट, म्हणजे सुमारे १.१८ घनमीटर. एम-२० च्या १:१.५:३ प्रमाणात घनमीटरला आठ गोण्या धरल्या तर साडेनऊ गोण्या सिमेंट, शिवाय खडी, वाळू, मजुरी. तुम्ही अर्धा तास बसून गोणीमागे पाच रुपये सोडवलेत. इथे अर्ध्या तासात साडेनऊ गोण्या कोणीही न मागता दिल्यात. वर त्या स्लॅबवर तीन टनांचं जादा वजन कायमचं बसवलंत, जे डिझाइनमध्ये नाही.

भिंतीचंही तेच. गवंड्यानं ओळंबा खिशात ठेवला की भिंत कलते. ती प्लास्टरनं सरळ करायची असते. बारा मिलिमीटरचं प्लास्टर वीसचं होतं. शंभर चौरस मीटरला ०.८ घनमीटर मसाला जादा, म्हणजे १:४ ला सहा गोण्या. आतल्या भिंती सहाशे चौरस मीटर धरल्या तर छत्तीस गोण्या आणि पावणेदोन ब्रास वाळू. गवंड्याला तुम्ही रोजामागे पन्नास रुपये कमी देऊन आणलं होतं.

फी: ३५,००० रुपये (दोन स्लॅब तेरा, प्लास्टर बावीस हजार).

धडा पाचवा: माणसं

मजुरी हा खर्च डोळ्यांसमोर चालत असतो, म्हणून तो कमी करण्याचा मोह होतो. करावाच.

लेबरचं काम उक्तं द्यावं आणि जो सर्वांत कमी दर सांगेल त्या मुकादमाला द्यावं. तो उचल मागेल. द्यावी. त्याला तुमचं काम परवडत नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तो उचल धरून चाललेला असतो. जोत्यापर्यंत काम आलं की माणसं एक एक करून कमी होतात. आधी दोन खाडे, मग चार, मग फोन बंद. दुसरी टोळी आणाल तेव्हा नवा मुकादम पहिल्याच्या कामाकडे बघून मान हलवेल आणि दर वाढवून सांगेल. वर, “खालच्या कामाची जबाबदारी आमची नाही” हेही सांगेल. तेही त्याचं बरोबरच असतं.

शनिवारचा पगार सोमवारवर ढकलावा. आठवडी बाजार चुकला की मजुराचा आठवडा बिघडतो आणि त्याचा आठवडा बिघडला की तुमचाही. चांगला गवंडी कुणाच्याही साईटवर जाऊ शकतो. तो ज्याच्याकडे शनिवारी पैसे मिळतात तिकडे जातो. उरतात ते तुमच्याकडे राहतात.

हजेरी स्वतः घेऊ नये. सुपरवायझर संध्याकाळी आठवून लिहितो. त्याची स्मरणशक्ती चांगली असते, सकाळी न आलेली माणसंही त्याला आठवतात.

फी: ४०,००० रुपये (उचल).

धडा सहावा: पाणी

पाण्याचा नियम सोपा आहे. काँक्रीटच्या आत पाणी सढळ हातानं घालावं, काँक्रीटच्या वर मारताना हात आखडावा.

घट्ट काँक्रीट ढकलायला जड जातं. एक बादली पाणी टाकलं की ते सरसर वाहतं, मजूर खूश, तुम्ही खूश. १९१८ साली डफ एब्रम्स या अमेरिकन संशोधकानं दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर ठरते. पाणी वाढलं की ताकद घसरते. आपलं आयएस ४५६ हे मानक प्रबलित काँक्रीटला सौम्य हवामानातसुद्धा सिमेंटच्या ०.५५ पट पाण्याच्या पुढे जाऊ देत नाही. पन्नास किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटर आणि त्यातच वाळूतली ओलही आली. हे शंभर वर्षांपूर्वीचं संशोधन आहे, त्याला फार महत्त्व देऊ नये. क्यूब टेस्टसाठी काँक्रीट वेगळं, घट्ट, जीव लावून बनवावं. अहवाल फार सुंदर येतो. घर मात्र दुसऱ्या काँक्रीटचं असतं.

मग क्युरिंग. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओल ठेवायला मानक सांगतं. बाजारात बहुतेक दुसऱ्या प्रकारचंच सिमेंट मिळतं. तरी तिसऱ्या दिवशी टँकर बंद करावा. बारीक भेगा पडल्या तर ‘हेअरलाइन आहेत’ म्हणावं.

सेंट्रिंगचं भाडं रोज चढतं, म्हणून टेकूही लवकर काढावेत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखाली सात दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखाली चौदा दिवस ते ठेवावेत, असं त्याच मानकात आहे. तुमच्या मुकादमानं ते वाचलेलं नाही. तुम्हीही वाचू नका.

फी: आत्ता काही नाही. दहाव्या धड्यात वसूल केली जाईल.

धडा सातवा: कागद

नात्यात लिखापढी नको. मामी साईटवर येतील आणि म्हणतील, “ही भिंत जरा इकडे घेतली तर देवघर मोठं होईल ना?” भिंत चार फूट वर गेलेली असते. “होऊन जाईल मामी,” असं म्हणावं. पाडणं, मलबा उचलणं, पुन्हा बांधणं, आतून गेलेली विजेची पाइप बदलणं, सगळं होऊन जातं. मग स्वयंपाकघरात ओट्याखाली कप्पे. मग टेरेसवर पाण्याचा नळ. मग फरशी आधी ठरलेली नव्हे, भाच्याच्या घरी पाहिलेली.

तुम्ही मनातल्या मनात बेरीज करत असता. शेवटी ‘एक्स्ट्रा’चं बिल काढाल तेव्हा मामांना एकही गोष्ट एक्स्ट्रा वाटणार नाही, कारण प्रत्येक वेळी तुम्ही हसून हो म्हणाला होतात. बदलाचं काम सुरू करण्याआधी दर लिहून, सही घेऊन, तारीख टाकून ठेवणारे रूक्ष कंत्राटदार असतात. गंमत म्हणजे त्यांचे मामा त्यांच्याशी बोलतात.

फी: ४५,००० रुपये.

धडा आठवा: पैसा खेळता ठेवावा

मामांनी स्लॅबचा हप्ता दिला की तो लगेच दुसऱ्या साईटच्या पायात घालावा. दुसऱ्या साईटचा ॲडव्हान्स तिसऱ्या प्लॉटच्या बयाण्यात. याला पैसा खेळता ठेवणं म्हणतात. खेळता खेळता तो कुठे गेला हे विचारू नये.

मग मामांच्या स्लॅबचं लोखंड आणायला पैसे नसतात. ओळखीच्या माणसाकडून महिन्याला दोन टक्क्यांनी दहा लाख घ्यावेत. दोन टक्के ऐकायला छोटं वाटतं. तीन महिन्यांचे साठ हजार होतात, तुमच्या एकूण नफ्याच्या पंधरा टक्के. गोणीमागच्या पाच रुपयांनी ते भरून काढायचे तर बारा हजार गोण्या, म्हणजे अशी पंधरा घरं बांधावी लागतील.

उद्या बिल्डर होणार असाल तर जपून. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की प्रकल्प महारेराकडे नोंदवावा लागतो. तिथे गिऱ्हाइकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए यांच्या दाखल्यांनी, काम होईल तसे काढावे लागतात. हा नियम २०१६ च्या कायद्यात आला, कारण तोवर अनेकांनी हा आठवा धडा फार मन लावून गिरवला होता.

फी: ६०,००० रुपये.

धडा नववा: सुरक्षा

जाळी, हेल्मेट, पट्टे, खड्ड्याभोवती कठडा, मजुरांसाठी भिंतीपासून लांब झोपड्या. हा सगळा खर्च असा आहे की तो केला नाही तर बहुतेक दिवशी काहीच होत नाही.

२९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला पावसात एका सोसायटीची कंपाउंडची भिंत खाली मजुरांच्या झोपड्यांवर पडली. पंधरा माणसं गेली, त्यांत मुलं होती. ती परराज्यातून बांधकामावर आलेली कुटुंबं होती. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली, सोळा जण गेले. त्या इमारतीला दहा वर्षंही झालेली नव्हती. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत बांधून पूर्ण होण्याआधीच पडली. चौऱ्याहत्तर माणसं मेली.

फी: या धड्याची फी कंत्राटदार भरत नाही.

धडा दहावा: काम पूर्ण करून देणं

काम पंच्याण्णव टक्के झालं की साईट सोडावी. उरलेलं पाच टक्के काम किचकट असतं: दाराचं बिजागर, नळाची गळती, एका खोलीत राहिलेला रंगाचा दुसरा हात, संडासातला उतार. माणसं नव्या साईटवर न्यावीत.

अडचण एवढीच की मामांनी पाच टक्के रक्कम अनामत म्हणून हातात ठेवली आहे. चाळीस लाखांचे पाच टक्के दोन लाख, म्हणजे तुमचा अर्धा नफा त्या बिजागराला आणि त्या नळाला लटकला आहे. पाच टक्के काम सोडून तुम्ही पन्नास टक्के नफा सोडता.

मग पाऊस येतो. न भिजवलेल्या स्लॅबला वरून पाणी मिळतं, तुम्ही दिलं नव्हतं ते निसर्ग देतो. वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या हॉलच्या छताला पिवळा नकाशा काढतं. फरशी उखडा, वॉटरप्रूफिंग करा, फरशी पुन्हा बसवा. भाच्याच्या घरी पाहिलेल्या त्या फरशीचं डिझाइन आता बंद झालेलं असतं. रेराखालच्या इमारतीत तर बांधकामातला दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दाखवला तर बिल्डरनं तो तीस दिवसांत आपल्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. मामांना कायदा लागत नाही, त्यांच्याकडे तुमच्या आईचा नंबर आहे.

फी: ८०,००० रुपये (सहाव्या धड्याच्या थकबाकीसह).

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*वहीत काय लिहायचं असतं?* रोज संध्याकाळी दहा मिनिटं: किती माणसं आली, किती गोण्या फुटल्या, किती काम झालं, कोणी काय बदल सांगितला. आठवड्यातून एकदा वापरलेल्या गोण्या आणि व्हायला हव्या होत्या त्या गोण्या शेजारी शेजारी मांडायच्या. फरक दिसला की त्याच आठवड्यात कारण सापडतं. सहा महिन्यांनी फक्त फरक सापडतो. पण हे पुस्तिकेच्या अभ्यासक्रमाबाहेरचं आहे.

*चांगला इंजिनिअर ठेवला तर परवडेल का?* तो पगार मागतो. अर्धा इंच पगार मागत नाही, म्हणून तो स्वस्त वाटतो.

*माल स्वस्तात स्वस्त घेतला तर?* पुस्तिकेतले धडे पुन्हा चाळा. चार लाखांतलं किती गळणं मालाच्या भावामुळे झालं, शोधून दाखवा.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा: “मामी, एवढं ______ जाईल.”

२. गटात न बसणारा शब्द ओळखा: ओळंबा, लेव्हल ट्यूब, टेप, अंदाज.

३. चूक की बरोबर ते लिहा: क्यूब टेस्टचा अहवाल पास झाला, म्हणजे घर पास झालं.

४. कारणे द्या: गोणीमागे पाच रुपये सोडवणारा कंत्राटदार स्लॅबच्या अर्ध्या इंचाकडे पाहत नाही. (सूचना: पाच रुपये सोडवताना दुकानात चारचौघं बघत असतात. अर्धा इंच सोडवायला भल्या सकाळी सेंट्रिंगवर ओणवं होऊन दोरी धरावी लागते, तिथे बघायला कोणी नसतं.)

५. गणित सोडवा: घरी सांगितलेला नफा ४,००,००० रुपये. त्यात सिमेंटवर वाचवलेले ४,००० मिळवा. सर्व धड्यांची फी वजा करा. उत्तर ऋण आल्यास घाबरू नये, ती रक्कम पुढच्या साईटच्या ॲडव्हान्समधून घ्यावी आणि पुस्तिका पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू करावी.